फाशीवाल्याची मंगलाष्टकं

बसा असे, पंख्याखाली. कॉफी येतेय, ती तेवढी थंड होऊ देऊ नका, बाकी घाई कसली. तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याला फाशीची शिक्षा झाली होती, अन् तो रोज संध्याकाळी साडेपाचच्या बसनं घरी येऊन पायरीवर चपला काढायचा. बायको आतून विचारायची, आज लटकवलं का? तो म्हणायचा, नाही, उद्या. मग ती म्हणायची, तर मग येताना केळीची पानं का नाही आणली?

हा माणूस म्हणजे आपल्या कुंभकोणमच्या दबीर स्ट्रीटचा सुंदरराव. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होता, कुंभकोणम ते मायिलाडुतुरै. आवाज असा की बसमध्ये "आडुतुरै" म्हणून ओरडला की आडुतुरैत घरात झोपलेली माणसंसुद्धा उठून उतरायला बघायची. त्या आवाजाचा दुसरा उपयोग आपल्या मराठी लोकांना. आपण इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते मोजायचं आता सोडून दिलंय. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, अन् ती घरातली मराठी ऐकून पुण्याचा माणूस हसतो. पण लग्नात अंतरपाट धरला की सुंदरराव लागायचाच. वधू एकीकडे, वर एकीकडे, मधे ते कापड, अन् बाजूला उभा राहून सुंदरराव मंगलाष्टकं म्हणणार. आठच्या आठ. त्याच्या आजाकडून आलेली. त्यात कृष्णेला नमस्कार, गोदेला नमस्कार, ज्या नद्या इथल्या कुणी पाहिल्या नाहीत त्या सगळ्यांना नमस्कार, अन् शेवटी कावेरीला, की बाई, आता तूच सांभाळ. लिहिलेली वही होती, ती वाळवीनं वाचून संपवली. राहिली ती सुंदररावाच्या गळ्यात.

आता गंमत बघा. गावभरच्या लग्नांत गायलेला हा माणूस स्वतःच्या लेकीच्या, श्रीलक्ष्मीच्या लग्नात टायफॉइडनं अंथरुणावर. तिथे कॅसेट लावली. चौथ्या अष्टकाला टेप अडकली. नवरा-नवरी अर्धा तास कापडाच्या दोन बाजूंना उभी, अन् मंडपातला वायरमन पेन्सिल घालून रीळ फिरवतोय. तेव्हापासून सुंदररावाचं एकच म्हणणं होतं. नातीच्या लग्नात मी उभा राहून म्हणणार, मग मला न्या कुठं न्यायचं तिथं.

न्यायला आले ते टीव्हीवाले.

साक्कोट्टैला एक बंद पडलेली भाताची गिरणी आहे. तिला पांढरा रंग मारून, गज बसवून टीव्हीवाल्यांनी तिचा तुरुंग केला. मालिकेचं तमिळ नाव लांबलचक आहे, आपण तिला नऊ नंबरची कोठडी म्हणू. गोष्ट अशी की मरुदमुत्तू नावाच्या एका शेतमजुरानं मालकाचा खून केला म्हणून त्याला फाशी झालीय. खरा खुनी दुसराच आहे. मरुदमुत्तूला तो कोण ते माहीत आहे, पण तो बोलत नाही. का बोलत नाही? बोलला तर मालिका संपेल म्हणून.

सुंदरराव शूटिंग बघायला म्हणून गेला होता. गर्दीत उभा होता. डायरेक्टरनं त्याचे गाल बघितले. गाल कुठले, खड्डे. म्हणाला, हाच. दोन दिवसांचं काम आहे, तिसऱ्या दिवशी तुम्हाला फाशी. सुंदररावाला वाटलं, दोन दिवस तर आहेत. पण त्या दोन दिवसांत त्यानं गजाला हात लावून असं काही बघितलं म्हणतात की तमिळनाडूभर बायकांनी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडलं. झालं. फाशी पुढे ढकलली. पुढे ढकलली म्हणजे किती? आठ महिने.

अन् सस्पेन्स म्हणजे काय विचारता. पहाट होते. जेलर चावी काढतो. चावी दिसते. मग जेलरचं तोंड. मग मरुदमुत्तूचं तोंड. मग पुन्हा चावी, ह्या बाजूनं. मग ढोल. मग साबणाची जाहिरात. जाहिरात संपली की जेलर चावी परत खिशात घालतो, कारण त्याला आठवतं की आज अमावस्या. एक पहाट एकवीस दिवस चालली. त्या एकवीस दिवसांत सुंदरराव कुठे होता? गिरणीमागच्या कडुनिंबाखाली, कैद्याच्या कपड्यात, वर्तमानपत्राचं कोडं सोडवत.

पण गावाला कोण सांगणार. नागेश्वराच्या देवळात बायका त्याच्या कपाळाला विभूती लावायच्या अन् मान फिरवून डोळे पुसायच्या. कॉफीवाला डवऱ्यात, म्हणजे त्या पितळी वाटीत, दोन बोटं जास्त ओतायचा अन् म्हणायचा, प्या, तिथे कुठली मिळणार. न्हावी दाढीला हात लावीना, म्हणे फाशीआधी रूप बदललं तर लोक मला धरतील. अन् विम्याचा एजंट, जो वीस वर्षं सुंदररावाची पाठ सोडत नव्हता, तो आता लांबून दिसला की रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. सुंदरराव सीतालक्ष्मीला, म्हणजे बायकोला, म्हणाला, एवढा फायदा तरी झाला.

तेवढ्यात नातीचं लग्न ठरलं. नात म्हणजे शरण्या, श्रीलक्ष्मीची मुलगी, चेन्नईत कॉम्प्युटरची नोकरी करते. मुलगा आडुतुरैचा, आपल्यातलाच, अनंतकृष्ण. गरीब पोरगं, बोललं तर ऐकू येत नाही. त्याची भरपाई त्याची आई विजयलक्ष्मी करते. बाईनं आडुतुरैच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. हे लक्षात ठेवा, विज्ञान.

लग्न वीस दिवसांवर असताना बाई सुंदररावाच्या घरी आली. बरोबर पत्रिकेचा मजकूर. झोपाळ्यावर बसली, पाणी प्यायली, सगळा मजकूर वाचून दाखवला. मग चष्मा पुसत म्हणाली,

"मामा, मंगलाष्टकांचं बोलायचं होतं. मी असलं काही मानत नाही हो. ग्रहण कसं लागतं ते मी पोरांना मोसंबं अन् लिंबू घेऊन शिकवलंय."

"मग?"

"पण लोक मानतात."

लोक म्हणजे कोण, ते सुंदररावानं विचारलं नाही. झोपाळ्यावर एकच माणूस बसलं होतं.

"रोज साडेआठला तुम्हाला दोर दाखवतात. आमच्या गल्लीत सगळी बघतात. त्या गळ्यातून माझ्या पोराच्या डोक्यावर मंगल म्हणायचं, ते मला सोसायचं नाही. तुम्ही मुहूर्ताआधी सुटा. निर्दोष सुटा, दयेच्या अर्जानं सुटा, कसेही सुटा. मग खुशाल म्हणा."

"अन् नाही सुटलो तर?"

"यूट्यूबवर पुण्याच्या एका बाईंची आहेत. फार स्वच्छ उच्चार आहेत." असं म्हणून तिनं पिशवीतून मोबाईल काढला अन् लावून दाखवली. उच्चार खरंच स्वच्छ होते. इतके स्वच्छ की त्यात एकही नदी ओली नव्हती.

सीतालक्ष्मी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "खून कुणी केला ते सगळ्या तमिळनाडूला कळेना, अन् शिक्षा मात्र आमच्या घराला."

बाई हसली, पण अट काही मागे घेतली नाही. जाताना सुंदररावाला वाकून नमस्कारसुद्धा केला. शेवटी वयानं मोठा माणूस, अन् किती दिवसांचा सोबती.

शरण्यापर्यंत हे गेलंच. तिनं चेन्नईहून फोन केला, आज्जा, मी बोलते त्यांच्याशी, मोबाईलवरची लावली तर मी पाटावरून उठते. सुंदररावानं तिच्याकडून शपथ घेतली की ती एक शब्द बोलणार नाही. म्हणाला, बाळा, नव्या घरात पहिला शब्द भांडणाचा नको. मी सुटतो की. त्यात काय एवढं. मी तिथे ओळखीचा माणूस आहे.

हा विश्वास बघा माणसाचा. पंचवीस वर्षं बसमध्ये काढली, तरी त्याला वाटत होतं, ओळखीनं काम होतं.

दुसऱ्या दिवशी तो लेखकाकडे गेला. लेखकाचं नाव रविशंकर. गिरणीच्या वजनकाट्याच्या खोलीत बसून लिहायचा. पुढ्यात दोन मोबाईल अन् इडलीचं पान. मालिकेत देवाला कुणी विचारत नाही, रविशंकरला विचारतात. कुणी मरायचं, कुणाला स्मृतिभ्रंश व्हायचा, कुणाची जुळी बहीण निघायची, सगळं तो इडली खाता खाता ठरवायचा. सुंदररावानं सगळं सांगितलं. विहीणबाई, मुहूर्त, कॅसेट, पेन्सिल. हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखाच उभा राहिला.

रविशंकरनं चटणी बोटानं पुसून घेतली. "सुंदरराव अय्या, तुम्हाला सोडलं तर मी दाखवू काय? सुटलेला माणूस घरी जाऊन लुंगी वाळत घालतो. ते कोण बघणार?"

"खरा खुनी धरा की. तो सापडला तर लोक बघतील."

"खरा खुनी कोण ते मलाच अजून ठरवायचंय," लेखक म्हणाला.

आता काय बोलता. आठ महिने जो माणूस एक नाव ओठांत दाबून फासाकडे चाललाय, ते नाव मुळात कुणी ठेवलेलंच नाही.

पण रविशंकर वाईट माणूस नव्हता. भुकेला होता, एवढंच. इडली संपल्यावर त्याला दया आली. तो म्हणाला, चॅनलला ह्याच महिन्यात निकाल लावायचाय. शुक्रवारचा महाएपिसोड. अन् शुक्रवार म्हणजे लग्नाच्या आधीचाच, लग्न रविवारी. फाशी अन् राज्यपालांची माफी, दोन्ही शूट करायचं ठरलंय, म्हणजे बाहेर कुणी फोडू नये. कुठलं दाखवायचं ते चॅनल ठरवणार. मी माफीसाठी शब्द टाकतो. अन् शब्द टाकतो म्हणताना त्यानं एका मोबाईलकडे असं बघितलं की सुंदररावाला पटलं, तो शब्द त्यातच पडून राहणार.

सुंदररावानं घरी येऊन सांगितलं तेव्हा सीतालक्ष्मी म्हणाली, म्हणजे तुम्ही सुटणार की मरणार ते तुम्हालासुद्धा शुक्रवारी टीव्हीवरच कळणार? तो म्हणाला, हो. ती म्हणाली, बरं, निदान लाईट जाऊ नये म्हणून देवाला सांगते.

विजयलक्ष्मीला फोनवर कळवलं. तिला हे पटलं. म्हणाली, शुक्रवारी मी तुमच्याकडेच येते बघायला. म्हणजे नंतर कुणाला फोन करायला नको. शाळेत पेपर तपासून झाले की मुलांसमोरच मार्क सांगायची सवय असणार.

शूटिंगला माफी आधी घेतली. दहा मिनिटांत उरकली. पत्र आलं, जेलरनं वाचलं, सुंदररावानं गजाला डोकं टेकलं, कट. फाशीला मात्र पूर्ण दिवस लावला. दोर नवा आणला, त्याला तेल लावलं, नारळ फोडला, उदबत्ती लावली. एवढी पूजा सुंदररावाच्या स्वतःच्या लग्नात झाली नव्हती.

फाशी देणारा म्हणून सेतू होता. हा सेतू महामहम तळ्याकाठी विड्याची पानं विकतो. काळा, आडवा, मिशा अशा की पोरं रडतात, अन् मनानं लोणी. प्रत्येक शॉटच्या आधी दोराची गाठ सैल करून विचारायचा, अण्णा, टोचत नाही ना? डायरेक्टर वैतागून म्हणाला, अरे, तू त्याला मारतोयस.

मग आली शेवटची इच्छा. रविशंकरनं लिहून दिलं होतं, मरुदमुत्तू म्हणतो, मला आईच्या हातची माशाची आमटी हवी. सुंदरराव म्हणाला, हे जमायचं नाही. मी अंडं बघून रस्ता बदलणारा माणूस, माझ्या तोंडावर ती भूक येणार कुठून. डायरेक्टरला उन्हं उतरायच्या आत संपवायचं होतं. तो म्हणाला, मग तुम्हाला मनातून जे हवंय ते मागा, फक्त लोक रडले पाहिजेत.

आता कुणी म्हणेल की सुंदररावानं डाव टाकला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. डाव टाकता आला असता तर हा माणूस कंडक्टरचा इन्स्पेक्टर झाला असता. झालं एवढंच की "मनातून जे हवंय ते" म्हटल्यावर त्याच्या मनात दुसरं काही नव्हतंच.

तो कोठडीत उभा राहिला. अंगावरची घोंगडी काढली. तिचं एक टोक सेतूच्या हातात दिलं, दुसरं जेलरच्या. दोघांना कळेना, पण धरलं. अन् तो तमिळमध्ये म्हणाला, "माझ्या नातीचं लग्न आहे. मला तिथे जाता येणार नाही. म्हणून इथेच म्हणतो."

अन् त्यानं सुरू केलं. मराठीत. आठच्या आठ. कृष्णा आली, गोदा आली. गिरणीचं छप्पर उंच, आवाज वर जाऊन परत खाली यायचा, जणू वरून कुणी साथ करतंय. लाईटवाले उभे राहिले. चहावाला उभा राहिला. शब्द कुणाला कळत नव्हते, पण हे काहीतरी शुभ चाललंय हे आपल्या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. शेवटी "सावधान" म्हटल्यावर सेतूला काय वाटलं कोण जाणे. त्यानं घोंगडीचं टोक दातात धरलं, खाली वाकला, अन् गिरणीच्या फरशीच्या फटीत वर्षानुवर्षं अडकलेले भाताचे चार दाणे, कोंडा, जे हाताला लागलं ते उचलून सुंदररावाच्या डोक्यावर टाकलं. अक्षता म्हणून. फाशी देणाऱ्यानं.

डायरेक्टर कट म्हणायला विसरला. मग म्हणाला. मग नाक शिंकरलं.

रविशंकर मात्र घाबरला. मरुदमुत्तूनं लग्नच केलेलं नाही, नात कुठून आली? डायरेक्टर म्हणाला, आजपासून आहे, तू लिही. अन् तमिळ शेतमजुराला असलं जुनं मराठी कसं येतं? डायरेक्टर म्हणाला, ते कोण विचारतंय. अन् खरंच सांगतो, आजपर्यंत अख्ख्या तमिळनाडूत एकानंही विचारलेलं नाही. मालकाच्या धोतराची किनार मागच्या भागात लाल होती, ती हिरवी कशी झाली, हे मात्र चारशे जणांनी विचारलं.

शुक्रवार आला. साडेसातलाच विजयलक्ष्मी हजर. कडक इस्त्रीची साडी, अन् टीव्हीच्या बरोबर समोरची खुर्ची. शरण्या आदल्या दिवशीच चेन्नईहून आली होती, हातावर मेंदी, ती आईजवळ खाली बसली. सुंदरराव कोपऱ्यात स्टुलावर. स्वतःच्या घरात आरोपीसारखा. लाईट गेले नाहीत. सीतालक्ष्मीनं देवाला चांगलंच बजावलं असणार.

पहाट झाली. चावी. जेलरचं तोंड. चावी. जाहिरात. शेवटची इच्छा विचारली. जाहिरात. मग घोंगडी आली, अन् सुंदररावाचा आवाज त्या लहानशा खोलीत दोन ठिकाणी होता, एक टीव्हीत अन् एक कोपऱ्यात, कारण तो नकळत पुटपुटत होता. तिसऱ्या अष्टकाला विजयलक्ष्मीनं चष्मा काढला. पाचव्याला पदर तोंडाला लावला. सेतूनं कोंडा टाकला तेव्हा बाईनं एकदम हुंदका दिला. मोसंबं, लिंबू, ग्रहण, सगळं वाहून गेलं.

मग दोर. मग काळी टोपी. मग घड्याळ. तिकडे एक मोटारसायकल धुरळा उडवत येतेय, तिच्यावर पोलीस, त्याच्या हातात लिफाफा. इकडे सेतूचा हात खटक्यावर. लिफाफा. खटका. लिफाफा. सेतूच्या मिशा. सुंदरराव स्टुलावरून अर्धा उठलेला. खटका हलला.

अन् पडद्यावर अक्षरं आली. उरलेला भाग सोमवारी.

बाहेर गल्लीत सगळ्या घरांतून एकदमच "अय्यो" ऐकू आलं. लग्न रविवारी. निकाल सोमवारी. चॅनलनं आठ महिने वाट बघून नेमका मुहूर्त तेवढा मधे सोडला होता.

सीतालक्ष्मी म्हणाली, "घ्या. आता रविवारी हा माणूस कोण? जिवंत का मेलेला?"

सगळे विजयलक्ष्मीकडे बघायला लागले. तिनं चष्मा पुसला, घातला, परत काढला. सुंदररावाला वाटलं, आता मोबाईल काढणार. शरण्याला शपथ घातलेली, ती ओठ आवळून मेंदीकडे बघत बसलेली.

शेवटी बाई म्हणाली, "मामा, मी असलं काही मानत नाही."

"माहीत आहे," सुंदरराव म्हणाला.

"पण फासावर चाललेल्या माणसाची शेवटची इच्छा मोडायची नसते. सरकारसुद्धा मोडत नाही. सगळ्या जगासमोर तुम्ही मागितलंत. आता मी नाही म्हटलं, अन् सोमवारी तुम्हाला खरंच लटकवलं, तर तो दोष माझ्या पोराच्या संसाराला लागेल." मग तिनं उसासा टाकला. "रविवारी नऊला मंडपात या. तुम्हीच म्हणा. अन् दाढी काढू नका. आमच्याकडची माणसं ओळखणार नाहीत."

म्हणजे बघा कसं असतं. निर्दोष सुटला तर गाऊ देणार होती. फाशी लांबली म्हणून गाऊ देत नव्हती. अन् आता फाशी अगदी गळ्याशी आली म्हणून आग्रहानं बोलावून गेली. विज्ञान शिकवलेल्या बाईचा हिशोब, आपण काय बोलणार.

सुंदररावाला खरं तर लागलं ते. ती गेल्यावर तो सीतालक्ष्मीला म्हणाला, मला आजा म्हणून कुणी आत घेईना, कैदी म्हणून घेतलं. सीतालक्ष्मी म्हणाली, आत तर घेतलं ना. आता झोपा, गळा बसवून घेऊ नका. एकदा टायफॉइड पुरे.

रविवारी मंडपात मी होतो. नवऱ्याकडची माणसं नवरीला बघायच्या आधी सुंदररावाला बघून आली. एका म्हातारीनं त्याचा हात धरून विचारलं, मला एकटीला सांग बाबा, खून कुणी केला? तो म्हणाला, अजून ठरायचंय. ती म्हणाली, शहाणा आहेस, नको सांगूस. आचाऱ्यानं निरोप पाठवला की जेवायला थांबा, सोमवार आहेच.

अंतरपाट धरला. शंभर मोबाईल वर झाले. सुंदररावानं डोळे मिटले अन् सुरू केलं. ते मोबाईल, ती दाढी, सगळं गेलं हो पहिल्या ओळीला. पण सातव्याच्या शेवटाला आला अन् त्याचा श्वास अडला. वय झालं, अन् आठ महिने कोठडीत आवाज न करता नुसतं बघायचं काम. कॅसेट अडकावी तसा अडकला. अन् तेव्हा कापडाच्या त्या बाजूनं, खाली मान घातलेल्या नवरीकडून, पुढची ओळ आली. बारीक आवाजात, पण चुकली नाही. आठवं अष्टक दोघांनी मिळून म्हटलं, कावेरीपर्यंत. तिला येतात हे कुणाला माहीत नव्हतं. तिनं म्हणे लहानपणापासून ऐकून ऐकून, अन् मग चेन्नईत एकटी असताना म्हणून म्हणून पाठ केली होती. सुंदरराव समजत होता, आपल्या गळ्याबरोबर मंगलाष्टकं जाणार. अक्षता पडल्या तेव्हा त्याच्या दाढीत अडकल्या होत्या, अन् तो त्या झटकतही नव्हता.

विजयलक्ष्मी माझ्या शेजारीच होती. म्हणाली, नवरीनं स्वतःच्या लग्नात म्हणायची पद्धत नाही. मग म्हणाली, पण उच्चार चांगले आहेत.

सोमवारी त्याला फाशी दिली. लिफाफा पोचला, पण त्यात माफी नव्हती, विजेचं बिल होतं. असा सस्पेन्स. लोकांनी आठवडाभर चॅनलला शिव्या घातल्या. विजयलक्ष्मीनं सुंदररावालाच फोन केला, मामा, फार वाईट झालं हो, अन् हा इकडून म्हणाला, चालायचंच, तुम्ही जेवलात का. रविशंकर आता नऊ नंबरच्या कोठडीत मरुदमुत्तूचं भूत आणणार होता, पण सुंदररावानं दाढी काढली अन् सांगितलं, मी मेलोय, मला सोडा.

पण तेव्हापासून एक झालंय. आपल्यातलं साक्कोट्टैचं एक लग्न होतं, तिरुविडैमरुदूरचं एक होतं, दोन्हीकडे त्याला बोलावलं नाही. तोंडावर कुणी बोलत नाही. म्हणतात, मामांना कशाला त्रास. खरी गोष्ट अशी की कैदी तरी चालला, मेलेला माणूस मांडवात नको. अन् शरण्याला बोलवायचं तर ती चेन्नईत, तिला रजा नाही. मोबाईलवर पुण्याच्या बाईच गातात सगळीकडे, स्वच्छ.

तर तुमचं आता बोलणं चाललंय ना, थोरल्या मुलीच्या लग्नाचं? तारीख ठरली की दबीर स्ट्रीटला जा. तो पायरीवर बसलेला असतो, संध्याकाळी, केळीची पानं पुसत. एवढं करा माझ्यासाठी, अक्षता देऊन त्याला तोंडानं बोलवा, अन् घरातल्यांना सांगा, मांडवात कुणी त्याला सोमवारची आठवण करून देऊ नका.